पोलीस-आगमन शुल्क

कुणाचा देवावर विश्वास असतो, कुणाचा ज्योतिषावर, कुणाचा होमिओपॅथीच्या साबुदाण्यावर. माझा शुल्कावर होता.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बँकेत क्लार्क म्हणून लागलो त्याला बावीस वर्षे झाली. मध्यंतरी साहेबलोकांनी आमच्या पदाचे नाव बदलून इंग्रजीत काहीतरी लांबलचक ठेवले. खुर्ची मात्र तीच ठेवली. तिचा डावा हात तेव्हाही नव्हता, आताही नाही. तर या खुर्चीत बसून माझे एक ठाम मत झाले होते, की जगातली कुठलीही कटकट थांबवायची असेल तर तिच्यावर शुल्क लावावे. समजावून माणूस ऐकत नाही, रागावून ऐकत नाही, हात जोडून तर मुळीच ऐकत नाही. पण पासबुकात 'चार्जेस रु. ५०' अशी ओळ उमटली, की त्याला जी उपरती होते ती दहा कीर्तने ऐकून होत नाही.

पुरावा देतो. आमच्या शाखेत रोख भरणा करणाऱ्यांची रांग पार जिन्यापर्यंत जायची. मग वरून परिपत्रक आले : महिन्यातून तीन भरणे फुकट, चौथ्यापासून शुल्क. महिन्याभरात रांग निम्मी झाली. साहेबांनी पेढे वाटले. त्या रांगेत एक भाजीवाली आजी असायची. मुलगा पितो, घरात पैसे राहत नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी दीडशे-दोनशे रुपयांच्या चुरगळलेल्या नोटा कनवटीतून काढून भरायची. त्या नोटांना कोथिंबिरीचा वास असे. ती दिसेनाशी झाली. पण रांग कमी झाल्याच्या आनंदात ते काही माझ्या लक्षात आले नाही. ते लक्षात यायला पुढे एक रात्र जागून काढावी लागली. तीच रात्र सांगायची आहे.

आम्ही डोंबिवलीला राहतो. चार मजले, सोळा बिऱ्हाडे, लिफ्ट नाही. सोसायटीचे नाव सांगत नाही. नावात 'शांती' आहे एवढे पुरे. बँकेत जशी माणसे खातेनंबराने ओळखायची सवय लागते, तशी मला शेजारी फ्लॅटनंबराने ओळखायची सवय आहे. मी दोनशेतीन. माझ्या डोक्यावर तीनशेतीन. आणि तीनशेतीनला भिंत लावून तीनशेदोन, म्हणजे अण्णा.

अण्णा निवृत्त आहेत; नोकरीतून, तक्रारीतून नव्हे. पोलिसांना फोन करणे हा त्यांचा एकमेव व्यायाम. पूर्वी ते १०० नंबर फिरवीत, आता ११२ फिरवतात. नंबर बदलला, तक्रारी त्याच. रात्री कुत्री भुंकली, फोन. दहानंतर कुणी फटाका लावला, फोन. चारशेएकच्या काकूंनी गच्चीभर पापड वाळत घातले आणि अण्णांना फेऱ्या मारायला जागा उरली नाही, फोन. पोलीस बिचारे मोटारसायकलवरून यायचे, पापडांकडे बघायचे, अण्णांकडे बघायचे आणि एक पापड भाजून खाऊन जायचे. पण मोटारसायकल फाटकाशी उभी राहिली की समोरच्या तिन्ही इमारतींच्या खिडक्या उघडत. "तुमच्याकडे परवा पोलीस आले होते म्हणे?" असे मला लोकलमध्ये अनोळखी माणसे विचारू लागली. मुलीच्या लग्नाचे वय झालेल्या घरांत तर अण्णा हा स्थळ मोडण्याचा स्वतंत्र मुद्दा झाला होता.

आणि अशातच एका रविवारी सकाळी बाळ्याचा फोन आला.

बाळ्या म्हणजे माझा मावसभाऊ. अमेरिकेत असतो, विस्कॉन्सिन राज्यात. तिथे त्याची दोन घरे आहेत. एकात तो राहतो आणि दुसऱ्याचे हप्ते भाडेकरू फेडतात. तिसरे घर म्हणजे आमच्या डोक्यावरचे तीनशेतीन. तेही भाड्याने. त्याबद्दल सोसायटी त्याच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, सेवाशुल्काच्या दहा टक्के; त्याहून जास्त घेता येत नाहीत म्हणून दहाच.

आमची रविवार सकाळ म्हणजे त्याची शनिवार रात्र. पण त्या दिवशी बाळ्याच्या चेहऱ्यावर शनिवार दिसत नव्हता.

"अरे, नगरपालिकेचं पत्र आलंय," तो म्हणाला. "माझ्या भाड्याच्या घरी महिन्याभरात तीनदा पोलीस आले. आता म्हणतात, घर उपद्रवी आहे. यापुढे पोलीस आले तर प्रत्येक खेपेचा खर्च मालकाकडून घेणार!"

"मालकाकडून? फोन करणाऱ्याकडून नाही?"

"मालकाकडून! वर हे थांबवण्यासाठी काय करणार त्याचा लेखी आराखडा द्या म्हणतात. भाडेकरू नवराबायको भांडतात रे. मी काय त्यांच्यामध्ये उशी घेऊन उभा राहू?"

"मग आराखडा काय दिलास?"

"सरळ सांगितलं त्या बाईला. पुन्हा पोलिसांना फोन केलास तर घर रिकामं कर. तसंच लिहून दिलं. मंजूर झाला आराखडा!"

आता, कुठल्याही शहाण्या माणसाने इथे विचारले असते की बाबा रे, ती बाई पोलिसांना फोन का करीत होती? मी वाणिज्य शाखेचा. मी विचारले, "आणि शुल्क भरलं नाही तर वसुली कशी करतात?"

"मालमत्ता कराच्या बिलात चढवतात."

मला भरून आले. वीस वर्षे मी ज्या विचाराची पूजा केली, तो सातासमुद्रापार पोलीसखात्यापर्यंत पोहोचला होता. त्याच संध्याकाळी मी ठराव लिहायला बसलो.

वार्षिक सर्वसाधारण सभेला कधी नव्हे तो कोरम भरला, कारण समोसे गरम असल्याची बातमी फुटली होती. मी ठराव वाचला : 'ज्या सदनिकेत तीन महिन्यांत तीन वेळा पोलिसांचे आगमन होईल, त्या सदनिकेच्या मालकास तिसऱ्या व त्यापुढील प्रत्येक आगमनाबद्दल रु. १,०००/- पोलीस-आगमन शुल्क आकारण्यात यावे.'

सभा एकदम जागी झाली. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले तर ते आगमन धरायचे का, असे एकशेचारने विचारले. दोनशेएकचा मेहुणाच पोलिसात होता. तो भाऊबिजेला येतो त्याचे काय? 'गणवेशात आल्यास आगमन, साध्या कपड्यांत आल्यास पाहुणा' अशी दुरुस्ती एकमताने संमत झाली. खजिनदारांनी यावर जीएसटी लागेल का, अशी शंका काढली आणि सगळे दोन मिनिटे शांत बसले. जीएसटीचे नाव निघाले की आपल्याकडे आपोआप शांतता पाळली जाते.

मग मुख्य प्रश्न आला. फोन करणारा एक आणि ज्याच्याकडे पोलीस येतात तो दुसरा, अशा वेळी शुल्क कुणाला? सगळ्यांनी अण्णांकडे पाहिले. मीही पाहिले. त्यांच्यासाठीच तर हा पिंजरा होता. पण मसुदा करताना मी बाळ्याच्या पत्राची नक्कल केली होती, आणि त्यात शुल्क फोन करणाऱ्याला नव्हते, घराला होते. अण्णांनी शब्द नीट ऐकले, चष्मा पुसला आणि उभे राहिले.

"माझं अनुमोदन!" ते म्हणाले.

अशा रीतीने अण्णांना बंद करायला काढलेल्या ठरावाने अण्णांच्याच हातात काडतूस दिले. सूचक मी, अनुमोदक अण्णा, समोसे सोसायटीच्या खर्चाने.

पुढच्या दोन महिन्यांत पोलीस दोनदा तीनशेतीनमध्ये आले. एकदा टीव्हीच्या आवाजाबद्दल, एकदा मध्यरात्री खुर्ची सरकवल्याबद्दल. तीनशेतीनमध्ये एक तरुण जोडपे होते, दीड वर्षाचे एक मूल होते. तो कुठल्याशा कारखान्यात पाळीवर जायचा. ती जिन्यात दिसली की भिंतीला चिकटून वाट द्यायची आणि "काका, बरे आहात?" म्हणायची. एवढीच ओळख. नियमाप्रमाणे मी दोन्ही आगमने रजिस्टरात चढवली, बाळ्याला कळवली, आणि अनुभवी घरमालकाने तिकडून भाडेकरूला संदेश पाठवला : पुन्हा पोलीस आले तर हजार रुपये तुम्ही भरायचे आणि महिनाअखेर घर सोडायचे.

मग ती रात्र आली.

दीडच्या सुमाराला वर भांडे पडले. भांडी पडतात. मग आणखी पडले. मग जे पडले ते भांडे नव्हते. मूल रडू लागले. बायकोने दिवा लावला.

"अहो, फोन करा."

मी फोन हातात घेतला. आणि खरे सांगतो, माझ्या डोक्यात जो विचार आला तो असा : दोन आगमने झाली आहेत. हे तिसरे. हजार रुपये. बाळ्या त्यांना काढणार. अडीच हजाराच्या मुदत ठेवीचे व्याज काढताना माझे डोके इतके साफ चालत नाही.

"अगं, तिसरी वेळ होईल," मी म्हणालो. "त्यांना घर सोडावं लागेल."

"मग? मार खायचा, पण भाडं टिकवायचं?"

याला उत्तर नव्हते. फोन हातातच होता. तेवढ्यात वरच्या जिन्यात काठी आपटल्याचा आवाज आला. आम्ही वर धावलो. तीनशेतीनच्या दाराशी बनियन, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि माकडटोपी अशा वेशात अण्णा उभे होते आणि काठीने दार बडवीत होते.

"दार उघड! मी पोलिसांना फोन केलाय!"

हे वाक्य अण्णा बारा वर्षे म्हणत आले होते. कुत्र्यांना म्हणाले होते, पापडांना म्हणाले होते, मला तर कितीदा तरी. सगळी इमारत त्या वाक्याला हसायची. त्या रात्री ते म्हणणारा सोळा बिऱ्हाडांत हा एकच माणूस निघाला. बाकी आम्ही पंधरा बिऱ्हाडे नियम पाळत होतो.

पोलीस आले. बरोबर एक महिला शिपाई होती. दार उघडले. नवरा पलीकडे भिंतीकडे तोंड करून उभा. ती मुलाला कडेवर घेऊन पुढे आली. कपाळाला पदर धरला होता आणि पदर लाल झाला होता.

"काही नाही. पडले मी," ती म्हणाली.

महिला शिपाई तिला आत घेऊन बसली. सगळे गप्प. मग तिने दारातून माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू आवाजात, काउंटरवर खातेदार विचारतो तसे विचारले :

"काका, हे तिसरं धरायचं का हो?"

बावीस वर्षांत काउंटरवर मला लोकांनी शिव्या दिल्या आहेत, एकाने पेनस्टँड फेकून मारला आहे. पण असे कधी लागले नव्हते.

त्या रात्री झोप आली नाही. मग मी ते केले जे ठराव मांडण्यापूर्वी करायला हवे होते. बाळ्याची मुलगी तिकडे शिकते. तिला विचारून त्या नियमाची माहिती मागवली. तिने एवढे पाठवले की सकाळ झाली.

बाळ्याच्याच राज्यात मिलवॉकी नावाचे मोठे शहर आहे. तिथे ३० दिवसांत तीनदा पोलिसांना बोलावणे झाले की घरमालकाला नोटीस जायची. २००८ आणि २००९ या दोन वर्षांतल्या नोटिसा मॅथ्यू डेस्मंड आणि निकोल व्हॅल्डेझ या दोन समाजशास्त्रज्ञांनी तपासल्या आणि निष्कर्ष २०१३ साली छापले. जवळजवळ एक तृतीयांश नोटिसा घरातल्या मारहाणीच्या होत्या. आणि अशा नोटिसा मिळालेल्या मालकांपैकी शंभरात त्र्याऐंशी जणांनी भाडेकरूला घराबाहेर काढले, किंवा पुन्हा फोन केलात तर काढू अशी धमकी दिली. मी आमच्या बाळ्याला एकटाच हुशार समजत होतो. याच डेस्मंडने पुढे 'एव्हिक्टेड' नावाचे पुस्तक लिहिले आणि त्याला २०१७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

पेनसिल्व्हेनियात नॉरिस्टाउन म्हणून एक गाव आहे. तिथला नियम चार महिन्यांत तीन वेळांचा. माझ्याहून एका महिन्याने कडक. तिथल्या एका बाईला तिचा पूर्वीचा मित्र मारायचा, पण फोन केला तर घर जाईल म्हणून ती गप्प राहायची. जून २०१२ मध्ये त्याने फुटक्या काचेने तिच्या मानेवर वार केले. फोन शेजाऱ्यांनी केला. तिला हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. ती जगली. परत आली, तर नगरपालिका घरमालकाच्या मागे लागलेली : हिला काढा. ती कोर्टात गेली. २०१४ साली नगरपालिकेने नियम रद्द केला आणि प्रकरण मिटवायला ४ लाख ९५ हजार डॉलर मोजले. शुल्क लावून एवढा तोटा झालेली ही मला माहीत असलेली पहिलीच संस्था. पुढे २०२२ साली त्यांच्या संसदेनेही, राहत्या घरून मदत मागणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा होऊ नये, असे कायद्यात घातले.

आता, शुल्क सगळीकडेच वाईट, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शेवटी त्याच पैशातून माझा पगार होतो. तिकडे घरोघर चोरांसाठी घंटा बसवलेल्या असतात आणि त्या वाजल्या की पोलीस धावतात. शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा घंटा उगाच वाजलेली असते. कुठे मांजर, कुठे वारा, कुठे विसराळू मालक स्वतःच. कित्येक शहरांत अशा फुकटच्या घंटांना दंड आहे, आणि तो असावाच. पण घंटेला दंड लावला की मालक घंटा दुरुस्त करतो. बाईच्या फोनला दंड लावला की मालक बाई काढून टाकतो. दोन्हीकडे आवाज बंद होतो आणि दोन्हीकडे वही जुळते. वहीत तेवढेच दिसते.

आपला कायदाही त्या पहाटे वाचला. मुद्दाम खोटी खबर देऊन पोलिसांना पळवणाऱ्याला शिक्षा आहे. त्यासाठी आमच्या सोसायटीच्या ठरावाची गरज नव्हती. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, की असा प्रकार घडतोय असे वाटले तर कुणीही खबर द्यावी आणि चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येणार नाही. देशाच्या संसदेने जे फुकट ठेवले होते, त्यावर मी हजार रुपये लावले होते. तेही तीन समोशांत मंजूर करून.

पंधरा दिवसांनी विशेष सभा बोलावली. ठराव मागे घेण्याचा सूचक मी. "अनुमोदन कोण देतं?" म्हणून विचारले, तर अण्णा उठले.

"मागच्या वेळी मीच दिलं होतं," ते म्हणाले. "चूक निम्मी माझी."

खजिनदारांनी हिशोब वाचला : पोलीस-आगमन शुल्क, जमा शून्य, खर्च, समोसे दोन सभांचे. बाळ्याशी मी तासभर भांडलो. त्याने तीनशेतीनला पाठवलेला संदेश मागे घेतला, आणि तिकडच्या त्या बाईलाही तसे कळवतो म्हणाला. वर आता तिची आई येऊन राहिली आहे. नवरा सध्या गावी असतो. पुढचे त्यांचे त्यांना माहीत. मुलगी एक दिवस माझ्या काउंटरवर आली आणि स्वतःच्या नावाचे खाते उघडून गेली. शिल्लक ठेवण्याची अट नसलेले.

अण्णांचे फोन चालू आहेत. परवाच त्यांनी माझ्याविरुद्ध केला. मी गच्चीवर झाडांना पाणी घालताना त्यांच्या खिडकीत गळले. हवालदार आले. मी त्यांना चहा दिला, अण्णांना दिला, आणि तिघांनी मिळून ते पाणी पाहिले. हल्ली मला त्या मोटारसायकलचा आवाज आला की बरे वाटते. वाट पाठ राहिलेली बरी.

आणि ती भाजीवाली आजी? ती मला गेल्या महिन्यात स्टेशनजवळ दिसली.

"आजी, हल्ली बँकेत येत नाही?"

"चौथ्या टायमाला पैशे कापता न्हवं तुमी. डब्यात ठिवते."

"अहो, पण महिन्यातून तीनदा फुकट आहे. तीनदा या की!"

आजीने कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"पोरगा काय म्हयन्यातनं तीनदाच पितो व्हय?"

याला काय उत्तर द्यायचे ते आमच्या परिपत्रकात नाही. मी एक जुडी घेतली, सुटे दिले आणि लोकल पकडली.